सोंग उतरल्यावर

ज्या वस्तूने एकेकाळी देवाला किंवा दैत्याला रूप दिले, ती वस्तू धारण करणारा निघून गेल्यावर नेमकी काय उरते, हा प्रश्न मूर्तिपूजेच्या शास्त्राला जुना आहे आणि संग्रहालयांना तुलनेने नवा. जपानमध्ये १९६६ साली सुरू झालेल्या ‘अल्ट्रामॅन’ या दूरचित्रवाणी मालिकेतील अक्राळविक्राळ प्राण्यांचे मुखवटे, पोशाख आणि लहान आकाराची नगरे आता प्रदर्शनांत मांडली जातात. असे एक मोठे प्रदर्शन २०१२ साली तोक्योत भरले होते, आणि मालिकेचे जनक त्सुबुराया एइजी (१९०१–१९७०) यांच्या सुकागावा या जन्मगावी २०२० पासून अशा वस्तू जतन करणारे केंद्र आहे. प्रेक्षक तेथे जातो तो वस्तू ‘अस्सल’ आहे म्हणून. पण रबराचे हे कातडे काळाबरोबर कडक होते, तडकते आणि भुगा होऊन गळते, त्यामुळे मूळ पोशाख फारच थोडे उरले आहेत.

त्यातही एक गुंता आहे. १९६५ च्या एका चित्रपटासाठी केलेला बारागॉन या प्राण्याचा पोशाख पुढे डोके, शिंगे आणि पाठ बदलून पागोस, नेरोंगा, मागुलार आणि गाबोरा अशा चार निराळ्या प्राण्यांसाठी वापरला गेला. गॉडझिलाच्या जुन्या पोशाखाला गळ्याभोवती झालर जोडून जिरास उभा राहिला. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात देही जुनी वस्त्रे टाकून नवी घेतो, म्हणजे धारण करणारा टिकतो आणि वस्त्र बदलते. येथे मात्र वस्त्र तेच राहिले आणि त्यातले जीवच बदलत गेले. असा पोशाख काचेमागे ठेवायचा तर पाटीवर पाचांपैकी कोणते नाव लिहावे?

पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातील, म्हणजे आता पालघर जिल्ह्यात गेलेल्या जव्हार-मोखाडा भागातील बोहाडा या उत्सवाने या प्रश्नाला वेगळे वळण दिले आहे. बोहाडा म्हणजे होळीनंतरच्या दिवसांत रात्रभर चालणारा मुखवट्यांचा उत्सव. त्यात गणपती, शारदा, नरसिंह, त्राटिका, महिषासुर यांची सोंगे संबळाच्या तालावर मशालींच्या उजेडात नाचतात. मुखवटे लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे असतात. ते झिजतात, पुन्हा रंगवले जातात, तुटले तर नवे होतात, आणि तरीही गावाच्या लेखी महिषासुर तोच असतो, कारण अनेक गावांत ते सोंग घेण्याचा मान ठरावीक घराकडे असतो आणि वडिलांनंतर तो मुलाकडे येतो. येथे अस्सलपणा लाकडात नसून मानात, म्हणजे परंपरेने मिळालेल्या अधिकारात आहे. लाकूड हे केवळ त्याचे आसन.

आगमग्रंथ, म्हणजे मंदिर आणि मूर्ती यांचे विधी सांगणारे ग्रंथ, हीच भूमिका अधिक काटेकोरपणे मांडतात. मूर्ती प्राणप्रतिष्ठेने पूज्य होते. ती दुरुस्त करायची असेल तर तिच्यातील दैवी अंश आधी पाण्याने भरलेल्या कुंभात उतरवून घेतात, आणि या विधीला कलाकर्षण म्हणतात. खंडित मूर्तीचे विसर्जन सांगितले आहे. उल्हासनगरच्या सिंधी वस्त्यांत झुलेलाल या दैवताचा बहिराणा, म्हणजे कणकेच्या दिव्यासह सजवलेले पूजेचे ताट, मिरवून शेवटी पाण्यातच सोडतात, आणि तो ‘मूळ’ बहिराणा जपून ठेवावा असे कोणाच्या मनातही येत नाही. (ज्या गावाच्या मालावरील ‘यूएसए’ या अक्षरांचा अर्थ उल्हासनगर सिंधी असोसिएशन असा लावून बाजाराने पिढ्यान्‌पिढ्या हसून घेतले, त्या गावाला अस्सल-नकलेच्या प्रश्नाचा धाक तसाही कमीच असावा.) या दृष्टीने पाहिले तर प्रदर्शनातील पोशाख ही चमत्कारिक अवस्थेतील वस्तू ठरते: त्यातला जीव निघून गेला आहे, पण विसर्जन झालेले नाही. प्रेक्षकाला तेथे दैत्य भेटत नाही. त्याला भेटते ती आत कोंडून घाम गाळणाऱ्या माणसाच्या अंगाची पोकळी, आणि म्हणूनच हे दर्शन देवळातील दर्शनापेक्षा साधुसंतांच्या पादुकांच्या दर्शनाशी जवळचे आहे. पादुकांच्या बाबतीत मात्र पदार्थालाच महत्त्व येते, कारण तेथे स्पर्श हाच संबंध असतो आणि स्पर्शाची नक्कल करता येत नाही.

पूजेचा आणि पदार्थाचा असे हे दोन्ही संबंध एकाच आवारात पाहायचे असतील तर अंबरनाथचे शिवमंदिर पुरेसे आहे. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख असलेले आणि शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळाशी जोडलेले हे मंदिर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे, म्हणजे कायद्याच्या लेखी ते जतन करण्याची वस्तू आहे, आणि त्याच वेळी तेथे पूजाही चालते. बाहेरच्या भिंतींवरील कित्येक मूर्ती झिजल्या आहेत, काहींचे हात गेले आहेत. पूजेचा नियम लावला तर त्या खंडित, आणि जतनाचा नियम लावला तर त्यांना नवा हात बसवणे हाच दोष. महाशिवरात्रीला भाविकांची रांग त्यांच्या शेजारून सरकत सभामंडपात शिरते आणि तेथून पायऱ्या उतरून खोल गाभाऱ्यातल्या पिंडीकडे जाते.