देवापुढील नाट्यपद

आमच्या भोपाळच्या टी. टी. नगरात गणेशोत्सवात कोणी नाट्यपद आळवले की, 'देवापुढे नाटकी गाणे कशाला?' असा प्रश्न हमखास निघतो. या गाण्याचे कूळ मिश्रच आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले, तेव्हा कीर्तनातल्या साकी-दिंडीचा त्यांस आधार होता. पुढे १९११ च्या 'मानापमाना'साठी गोविंदराव टेंब्यांनी ठुमरी, कजरी अशा पूरब ढंगाच्या चाली योजिल्या. त्या पुष्कळशा तवायफांच्या कंठात वाढलेल्या. तेवढ्याने हे गाणे बाटले काय? आम्हांस तसे वाटत नाही. सुरांना सोवळेओवळे ठाऊक नसते.

सल निराळीच आहे, आणि ती शोधण्यास उत्तरेकडे जावयास नको. गोव्याच्या देवळांत पिढ्यान्‌पिढ्या सेवा करणाऱ्या कलावंतिणींचे गाणे आमच्या वाडवडिलांनी माना डोलवीत ऐकले. सोयरिकीत मात्र त्यांस थारा दिला नाही. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर याच समाजातल्या. माल ठेवून घ्यावयाचा आणि देणाऱ्याचे नाव वहीत मांडावयाचे नाही, अशा व्यवहारास कचेरीत काय म्हणतात, ते आम्ही वकिलांनी सांगावयास नको.

तेव्हा नाट्यपदाचा वाद खुशाल चालो. पद सुरू होण्यापूर्वी त्याची चाल कोणाच्या घरची, एवढे निवेदकाने देवासमक्ष सांगावे, अशी आमची सूचना आहे.