खोली घेण्याआधी घटकाभर

फोन बाजूला ठेवा. खोल्यांचे फोटो नंतर बघू. पलंगावर टॉवेलचे हंस करून ठेवलेत, ते कुठे उडून जात नाहीत. पाठ टेकून बसा आणि मनानेच माथेरानच्या दस्तुरी नाक्यावर उतरा.

गाडी इथेच थांबते. कितीही महागाची असली तरी पर्यटकाची मोटार इथून पुढे जात नाही. इंजिन बंद होतं, दार लागल्याचा आवाज होतो आणि मग कानाला काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. तिथेच जरा रेंगाळा. आपण आलोय ते बहुधा याच्यासाठी.

आता बॅग खांद्यावर घ्या. जवळच्या स्टेशनाचं नावच अमन लॉज. तिथून शटल मिळाली तर माथेरान स्टेशनापर्यंत, म्हणजे थेट बाजारात. १९०७ पासूनची ही गाडी, २ फुटी रुळांवरून आजही रमतगमत जाते. नाही मिळाली, तर लाल मातीची वाट आणि आपले पाय. समजा, नाही मिळाली. चाला. बॅगचा पट्टा कुठे काचतोय? बरोबर कोण आहे? आईच्या गुडघ्यांना विचारलंत का? ‘बाजारापासून ५ मिनिटं’ असं फोनवर सांगतात, ती ५ मिनिटं सांगणाऱ्याच्या पायांची असतात. बॅग घ्यायला हमाल मिळतो, डोक्यावर घेऊन झपझप चालणाऱ्या बायकाही आहेत. गुडघे मात्र आपले आपल्यालाच न्यावे लागतात.

वाट फुटते तिथे थांबा. एका बाजूला बाजार: चिक्की, चपला, गरम भजी, रात्री उशिरापर्यंत माणसांची ये-जा. दुसऱ्या बाजूला झाडी, जुने बंगले आणि जेवायला जायचं तर हातात टॉर्च. दोन्ही चांगलं. पण रात्री ९ वाजता तुम्ही खरोखर काय करता, ते आठवा. काय करायला हवं ते नको, काय करता ते. चहाची तलफ आली की खाली उतरणारं माणूस जंगलातल्या शांततेत दुसऱ्याच रात्री कंटाळतं. मी कंटाळलोय.

आता दरीकडची खोली. इथे माझी फजिती सांगतो. जुलैत गेलो होतो, दरी दिसणारी खोली हवी म्हणून जास्त पैसे मोजले. खिडकी उघडली तर पलीकडे पांढरं. दुसऱ्या दिवशी पांढरं. तिसऱ्या दिवशी ढग सरळ खोलीत आले आणि पांघरुणावर बसले. टॉवेल तीन दिवस ओला, बुटांच्या शिवणींत लाल चिखल. लॉजवाल्याची चूक नव्हती. दरी होती तिथेच होती. मी फोटो बघितला होता, महिना बघितला नव्हता.

पण त्याच खोलीला पुढे एक पडवी होती, फरशी उखडलेली, दोन वेताच्या खुर्च्या. तिथे बसा. पहाटेचे साडेपाच. पागोळ्या गळतायत. धुक्यातून कुणीतरी शीळ घालतंय, रिकामटेकड्या पोरासारखी, सूर धरून सोडून दिलेली. तो शीळकरी कस्तूर. दिसत नाही, दिसायची गरजही नाही. पावसाळा सरला असता तर समोरच्या झाडावर शेकरू दिसलं असतं, शेपूट झुलवत. श्वास सोडा. चहा यायला वेळ आहे.

ही जागा कुठल्याच फोटोत नव्हती. खोली दाखवतात, पलंग दाखवतात, पडवी कुणी दाखवत नाही. माझ्या मते डोंगरावरच्या लॉजमध्ये पैसे द्यायचे ते पडवीचे. पलंग घरीही आहे.

आता डोळे उघडा, फोन घ्या. दर विचारण्याआधी एवढं विचारा: स्टेशनापासून वाट चढाची की सपाट, पडवीत बसता येतं का, आणि पावसाळ्यात कपडे वाळवायला काय सोय आहे. आणि हो, खिडकीला जाळी आहे ना, तेही विचारा. माकडं फोन करून येत नाहीत.