आधी जागा, मग रेडिओ

शॉर्टवेव्ह ऐकण्याची हौस असणाऱ्यापुढे आज दोन वाटा असतात. सोनीच्या १९८५ सालच्या आयसीएफ-२०१०सारखा नावाजलेला जुना संच शोधायचा, किंवा संगणकाला जोडायचा एसडीआर (सॉफ्टवेअर डिफाइंड रेडिओ) डोंगल घ्यायचा. चर्चा हटकून एका प्रश्नावर येते: जास्त क्षीण स्टेशन कोण पकडतो? याचं उत्तर संचापेक्षा घराच्या जागेवर अधिक अवलंबून असतं.

शॉर्टवेव्हचा पट्टा ढोबळमानाने ३ ते ३० मेगाहर्ट्झचा. इथे एरियलमधूनच बराच गोंगाट आत येतो. काही आभाळातल्या विजांचा, आणि वस्तीत बहुतेक माणसाने केलेला. संचाच्या स्वतःच्या सर्किटची खरखर त्यापुढे किरकोळ. म्हणून चांगल्या जुन्या संचाहून संवेदनशील काही आणलं, तरी स्टेशनबरोबर गोंगाटही तितकाच मोठा होतो.

सेलवर चालणारा कुठलाही रेडिओ रात्री एखाद्या अंधुक स्टेशनवर लावा आणि हळूहळू एलईडी बल्बजवळ, मोबाइलच्या चार्जरजवळ न्या. खरखर वाढत वाढत निवेदकाचा आवाज गिळून टाकते. या उपकरणांतलं सर्किट वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतं, त्याचे पडसाद थेट शॉर्टवेव्हपर्यंत पोचतात. आता मेन स्विच पाडा. जे स्टेशन ‘लागतच नाही’ म्हणून सोडून दिलं होतं, ते पुष्कळदा त्याच रेडिओवर कळू लागतं.

या कसोटीवर दोन्ही पर्याय पाहावेत. ती सोनी तीन मोठे आणि दोन पेन्सिल सेल घालून गच्चीवर, शेतावर नेता येते. म्हणजे गोंगाटापासून लांब जाता येतं. तिचा सिंक्रोनस डिटेक्टर लहरींच्या चढउतारात फाटणारा आवाज सावरतो. मात्र सेल गळून गंजलेल्या पट्ट्या, सुकलेले कपॅसिटर आणि न मिळणारे सुटे भाग हे जुन्या संचाचं दुखणं असतंच.

एसडीआरचं बळ निराळं आहे. टीव्हीसाठी बनलेले स्वस्त डोंगल २०१२च्या सुमारास या कामी येऊ लागले. पडद्यावर पट्ट्याचा एक तुकडा एकदम सरकताना दिसतो आणि चार्जरचा गोंगाट त्यात सारख्या अंतरावरच्या रेघांसारखा उमटतो. एकेक उपकरण बंद करत गेलं, की कोणती रेघ पुसली जाते त्यावरून चोर सापडतो. पण शेजारचा संगणकही गोंगाट करतोच. शिवाय स्वस्त डोंगल ८ बिटांचा, म्हणजे लहरीची उंची मोजायला फक्त २५६ पायऱ्या. जवळ मध्यमलहरींचं जोरदार केंद्र असलं तर त्या पायऱ्या तेच व्यापतं आणि क्षीण स्टेशन बुडतं. तिथे वेगळा फिल्टर जोडावा लागतो, किंवा फिल्टर असलेला महाग एसडीआर घ्यावा लागतो.

नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठात २००८ साली असाच एक एसडीआर इंटरनेटवर खुला झाला. पुण्यात बसून तो चालवता येतो, पण ऐकू येतं ते ट्वेंटेचं आभाळ. आपण तिथे खरं तर जागाच उसनी घेतो.

तेव्हा खरेदीआधी मेन स्विच पाडून बघा. फरक मोठा असेल आणि गच्ची हाताशी असेल, तर तपासून घेतलेला जुना संच पुरे. खोली सोडणं शक्य नसेल तर एसडीआर घ्या, आणि पैसे राखून ठेवा ते फिरवता येणाऱ्या लूप एरियलसाठी. ते योग्य दिशेला वळवलं, की शेजाऱ्याच्या इन्व्हर्टरचा गोंगाटही बराच दबतो.