गोधडी आणि डेथ मेटल

भाच्याच्या खोलीतला तो आवाज पहिल्यांदा ऐकला, तेव्हा मिक्सरचे झाकण उडाले असे समजून मी स्वयंपाकघराकडे धावलो होतो. "मामा, हे टेक्निकल डेथ मेटल आहे," तो शांतपणे म्हणाला. बँडचे नाव काय, तर 'डेथ'! नाव ठेवण्यात तरी आडपडदा नव्हता.

"वाजवतं कोण?" मी विचारले, आणि तिथेच फसलो.

1983 साली फ्लोरिडात चक शुल्डिनर नावाच्या सोळा वर्षांच्या पोराने मित्रांबरोबर हे बिऱ्हाड मांडले. पाटीवर नाव होते 'मँटस'. 1984 मध्ये ते 'डेथ' झाले. 1987 ते 1998 या काळात सात अल्बम निघाले आणि एकाही अल्बमचा संच दुसऱ्यासारखा नाही. सातांत कायम एकटा चक. आरंभी गाण्यांत नुसता रक्तामांसाचा चिखल. 1991 च्या 'ह्यूमन'पर्यंत मात्र पोरगा माणसांविषयी विचार करू लागला होता, आणि ताल असे वळू लागले होते की पायाने ठेका धरणाऱ्याचा घोटा मुरगळावा.

पण खरी गंमत 1990 ची. युरोपचा दौरा ठरलेला, आणि ऐनवेळी चक म्हणाला, मी येत नाही. ड्रमवाला आणि बासवाला बदली माणसे घेऊन गेले आणि 'डेथ' म्हणूनच वाजवून आले. चक भडकला. पुढे अल्बमपुरती माणसे बोलवायची, असेच त्याने धोरण ठेवले.

"चोरीच ती!" भाचा म्हणाला.

मला एकदम आमच्या आजीची गोधडी आठवली. अस्तर आईने बदलले, ठिगळे मावशीने लावली, दोरा तर कधीच नवा झाला होता. आजीच्या हातचा एक टाका उरला नव्हता, तरी ती आजीचीच. एका हिवाळ्यात मावशी ती न विचारता घेऊन गेली. आई आणि मावशी दोन वर्षे बोलत नव्हत्या. "टाके मीही घातलेत, आणि थंडी मलाही वाजते," हे मावशीचे म्हणणे. त्या वेळी मी आईच्या बाजूने तावातावाने भांडलो होतो. आता वाटते, एकाने घरी बसायचे ठरवले म्हणून दुसऱ्यांनी कुडकुडत का बसावे?

"पण गाणी चकची होती ना!"

"तो आता काय करतो?"

"गेला. 2001 च्या डिसेंबरात, मेंदूच्या गाठीने. चौतीस वर्षांचा होता." मग जरा थांबून, "2012 पासून त्याचे जुने साथीदार ती गाणी वाजवतात. 'डेथ टू ऑल' म्हणून."

"म्हणजे चक नसतानाच! तेही चोरच की."

"छे! त्यांनी नुसतं 'डेथ' नाही म्हटलं. दोन शब्द जोडले."

वकील असता तर पोरगा नाव काढता. मावशीने 'आमची गोधडी' एवढे जरी म्हटले असते, तर आई वितळली असती का? आणि आईने तरी एकदा विचारायचे होते, थंडी फार वाजते का म्हणून.

जाता जाता भाच्याने आणखी एक सांगितले. चक नऊ वर्षांचा असताना त्याचा सोळा वर्षांचा मोठा भाऊ वारला. पोराचे दुःख हलके व्हावे म्हणून आईबापांनी त्याला गिटार घेऊन दिली.

तेव्हापासून मी त्याला आवाज कमी करायला सांगत नाही. दार मात्र लावून घेतो.