तिखट, ‘अति’ आणि उपवासाची मिरची

तिखट खाल्ल्याने मन खवळते का, आणि खवळत असेल तर दोष मिरचीचा की खाणाऱ्याचा, हा आहारधर्मातला जुना प्रश्न आहे. भगवद्‌गीतेच्या 17व्या अध्यायात, 8 ते 10 या श्लोकांत, आहाराचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार येतात. कटू, आंबट, खारट, फार ऊन, तीक्ष्ण, कोरडे आणि जळजळ करणारे अन्न राजस गणले आहे. यातल्या ‘कटु’ शब्दाशी मराठी वाचक हमखास अडखळतो. आयुर्वेदात कटु म्हणजे मिरी-सुंठीचा तिखटपणा आणि तिक्त म्हणजे कडुलिंबाची चव. मराठीत हे दोन शब्द जणू जागा बदलून बसले. श्रीधरस्वामींच्या टीकेत मात्र कटु म्हणजे कडुलिंबासारखे, तीक्ष्ण म्हणजे मिरीसारखे आणि जळजळ करणारे म्हणजे मोहरीसारखे, असा अर्थ लावला आहे. कसाही अर्थ लावला तरी तिखट या यादीतून सुटत नाही.

मिरची मात्र यादीत नाही, कारण ती तेव्हा इथे नव्हतीच. अमेरिका खंडातले हे झाड पोर्तुगीज 1498 मध्ये भारतात पोचल्यानंतरच इकडे आले. ज्ञानेश्वरी 1290 ची. ज्ञानेश्वरांच्या काळातला झणझणीतपणा मिरी, पिंपळी, सुंठ आणि मोहरीचा होता. म्हणजे गीतेच्या आधाराने मिरचीला राजस ठरवताना एक अनुमान करावे लागते, आणि ते नेमके कशावर टेकले आहे हे पाहणे आवश्यक ठरते.

शंकराचार्यांचे भाष्य इथे फार मोलाचे आहे. श्लोकात ‘अति’ हा शब्द उष्णापुढे एकदाच आला आहे. तो यादीतल्या प्रत्येक शब्दाला जोडावा, असे ते सांगतात. अतिखारट, अतितीक्ष्ण, अतिकोरडे. त्यामुळे निषेध चवीचा राहत नाही, अतिरेकाचा होतो. छांदोग्य उपनिषदात आहार शुद्ध तर अंतःकरण शुद्ध, असा विचार आहे. तिथेही शंकराचार्य आहार म्हणजे इंद्रियांनी आत घेतलेले सर्व विषय असा अर्थ करतात. रामानुजांच्या परंपरेत तो शब्द अन्नालाच लागू होतो. दोन्ही अर्थांना बळ आहे, पण मिरचीचा न्याय करायचा तर ‘अति’ची कसोटीच अधिक प्रामाणिक वाटते, कारण ती पदार्थाबरोबर खाणाऱ्यालाही जबाबदार धरते.

भंडारा जिल्ह्यातला पवनी तालुका आणि शेजारचे भिवापूर मिरचीसाठी ओळखले जातात. इथल्या मिरची सातऱ्यांवर, म्हणजे देठ खुडण्याच्या जागांवर, लाल मिरचीचे ढीग पडतात आणि बाया तोंडाला फडके बांधून देठ खुडत बसतात. हात पाण्याने धुतले तरी बोटांची आग जात नाही. मिरचीतले कॅप्सायसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळते. चटका ओळखणाऱ्या मज्जातंतूंनाच ते चेतवते, म्हणून जिभेला न लावताही मिरची ‘लागते’. आयुर्वेदाने तिखटाला सहा रसांत बसवले. शरीरशास्त्र त्याला चव न म्हणता दाह म्हणते. गीतेची यादीही चवींवर थांबत नाही, दाहापर्यंत जाते.

याच मिरचीला एकादशीच्या साबुदाण्याच्या खिचडीत मानाची जागा आहे. पूर्वापार इथली हळद आणि मोहरी उपवासाला वर्ज्य. पण मिरची, बटाटा, शेंगदाणा आणि ज्याच्या कंदापासून साबुदाणा होतो तो कसावा, ही सगळी अमेरिकेतून आलेली चालतात. जुन्या निषेधांत यांची नावे असणे शक्यच नव्हते, आणि घरोघरच्या व्यवहाराने त्यांना सामावून घेतले.

मिरचीच्या याच पवनीत जगन्नाथ टेकडीवर 1969-70 च्या उत्खननात प्राचीन स्तूप सापडला. त्या बौद्ध परंपरेचा विनय, म्हणजे भिक्षूंचे नियम, लसणासारख्या उग्र पदार्थाकडे वेगळ्या बाजूने पाहतो. लसूण खाल्लेला भिक्षू वासामुळे धर्मोपदेशाला दूर बसला, म्हणून आजारपण सोडून लसूण वर्ज्य झाला. तिथे गुणांचा विचार नाही. सोबत बसलेल्यांचा आहे.

जमैकात तिखट आणि निषेधाचा प्रश्न जर्कच्या रूपाने दिसतो. गुलामीतून निसटून डोंगरांत राहिलेल्या मरून लोकांनी डुकराचे मांस ऑलस्पाइस आणि स्कॉच बॉनेट मिरची चोळून मंद धुरावर भाजण्याची रीत जोपासली. 1930 च्या दशकात तिथेच उभ्या राहिलेल्या रास्ताफारी पंथाने डुकराचे मांस वर्ज्य मानले. अनेक अनुयायी सगळेच मांस आणि मीठही सोडतात. तरी मसाला टिकला: तो टोफूला, भाज्यांना, विलायती फणसाला लागतो. विदर्भातल्या श्रावणात असेच होते. मटणाचा रस्सा बंद होतो आणि तोच झणझणीत मसाला बेसनाच्या पाटवडीला मिळतो.

जर्क सॉस मराठी स्वयंपाकघरात आणायचा तर पाटवडीचा रस्सा ही त्याची सरळ जागा. कच्च्या फणसाचे तुकडे त्यात मुरवून तव्यावर परततानाही तो शोभतो. एकादशीला मात्र बाटलीतला सॉस चालत नाही, कारण त्यात बहुधा कांदा-लसूण असतो. हिरवी मिरची, लिंबू, गूळ, जिरे आणि शेंदेलोण वाटून उकडलेल्या रताळ्याला चोळले, निखाऱ्यावर भाजले, तर जर्कची रीत उपवासाच्या पानापर्यंत येते. अडते ते ऑलस्पाइसवर. त्याचे नाव कोणत्याही यादीत नाही, जसे एकेकाळी मिरचीचे नव्हते.