विद्यार्थी की आश्रित? परदेशी शिक्षणातला संकल्पाचा प्रश्न

परदेशात शिकू पाहणाऱ्या विवाहित व्यक्तीपुढे पुष्कळदा दोन वाटा असतात. स्वतःच्या प्रवेशपत्रावर विद्यार्थी व्हिसा काढायचा, किंवा जोडीदाराच्या आधाराने डिपेंडंट व्हिसावर जाऊन तिथे शिकायचे. घरोघरी हा निर्णय फी, कर्ज आणि नोकरीची शक्यता यांचा हिशेब मांडून होतो. त्या हिशेबाखाली एक धर्मप्रश्न आहे. सांगितलेला हेतू खरा आहे का, आणि दुसऱ्याच्या आधाराने जाण्यात उणेपणा असतो का?

अमेरिकेच्या नियमांत हा फरक ठळक दिसतो. एफ-वन हा विद्यार्थ्याचा स्वतःचा व्हिसा. त्यावर पूर्णवेळ शिकावेच लागते, पण पदवीनंतर आपल्या विषयातले काम करण्यासाठी साधारण वर्षभराची मुभा मिळते आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदव्यांना ती वाढवून मिळते. एफ-वनधारकाची पत्नी किंवा पती एफ-टूवर येतो. त्याला नोकरी करता येत नाही, आणि पदवीचे शिक्षण घ्यायचे तर तेही अर्धवेळच. एच-वन-बी नोकरदाराच्या जोडीदाराला मिळणारा एच-फोर मात्र पूर्णवेळ शिकू देतो. त्यावर कामाची परवानगी २०१५ पासून काही मोजक्यांनाच मिळू लागली. ब्रिटनमध्ये जानेवारी २०२४ पासून नेहमीच्या मास्टर्स अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना कुटुंब आश्रित म्हणून नेता येत नाही, त्यामुळे तिथे अनेक जोडप्यांपुढे निवडच उरलेली नाही.

पूजेच्या आरंभी यजमान देश, काळ, गोत्र, नाव आणि हेतू उच्चारून संकल्प सोडतो. हेतू बोलून दाखवल्याशिवाय कर्म त्याचे होत नाही, अशी त्यामागची धारणा. व्हिसाचा अर्जही अर्जदाराकडून हेतूच वदवून घेतो. अमेरिकी स्थलांतर कायद्याचे कलम २१४(ब) असे गृहीत धरते की अर्जदार कायमचा राहायलाच येतो आहे. तसे नाही, हे विद्यार्थ्याने पटवून द्यायचे. एच-फोरवाल्याला ही अट नाही. म्हणून ज्याच्या मनात तिथेच संसार थाटायचे पक्के आहे, त्याच्यासाठी एच-फोरसारखा आश्रिताचा व्हिसा अधिक खरा ठरू शकतो, आणि विद्यार्थी व्हिसाच्या खिडकीशी त्याला मनात नसलेले बोलावे लागते. याच्या उलट, केवळ कागदासाठी लग्न लावणे हे विवाह आणि शासन या दोन संस्थांशी एकदम केलेले असत्य आहे. कोणत्या व्हिसात मान अधिक, हे पाहण्याआधी हेतूच्या खरेपणाचा हा प्रश्न सोडवायला हवा.

आश्रयाबद्दल परंपरा एका सुरात बोलत नाही. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात स्त्री पिता, पती आणि पुत्र यांच्या रक्षणाखालीच राहावी असे सांगितले आहे. त्याच ग्रंथाच्या चौथ्या अध्यायात परवशता म्हणजे दुःख आणि स्वाधीनता म्हणजे सुख, अशी व्याख्या आहे. दोन्ही विधाने एकत्र ठेवली की स्त्रीसाठी दुःखच विहित केले होते, हे मान्य करावे लागते. दुसरीकडे ब्रह्मचारी गुरूच्या घरी राहतो, भिक्षेवर जेवतो. तो पूर्णपणे आश्रित असतो, तरी त्याचे अध्ययन त्याचेच असते. तेव्हा आश्रयाने माणूस लहान होत नाही. आश्रय देणारा त्याचा हेतूही ठरवू लागला, की होतो.

आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण इथे फार बोलके आहे. त्यांचा जन्म १८६५ मधला, कल्याणचा. नवव्या वर्षी त्यांचे लग्न टपाल खात्यातल्या गोपाळरावांशी झाले. पत्नीला शिकवायचेच हा हट्ट गोपाळरावांचा, आणि तो कठोर होता. पण चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले आणि वैद्यक शिकण्याची ओढ आनंदीबाईंची स्वतःची झाली. फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरच्या सभेत त्यांनी लोकांच्या शंकांना उत्तरे दिली. एकट्या का जाता, या शंकेवर त्यांनी घरच्या जबाबदाऱ्या सांगितल्या: सासू वृद्ध, दीर लहान, त्यांना सोडून पतीला निघता येत नाही. समुद्रगमनाने जात जाते, हा धाक तेव्हा खरा होता. हिंदू म्हणूनच जाऊन हिंदू म्हणूनच परतेन, असा शब्द त्यांनी दिला. एप्रिलमध्ये कलकत्त्याहून जहाज सुटले. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजची पदवी मिळाली, तेव्हा मागाहून आलेले गोपाळराव तिथे हजर होते. पत्नी विद्यार्थिनी आणि पती तिच्या मागून आलेला, असे हे चित्र आजच्या अर्जांतही क्वचित दिसते. पुढल्या फेब्रुवारीत आनंदीबाई पुण्यात वारल्या. एकटीने, स्वतःच्या नावावर जाणे म्हणजे आपल्या इच्छेने जाणे असे नाही, हे त्यांच्या आयुष्याच्या पहिल्या भागात दिसते. पुढे तीच इच्छा त्यांनी कशी आपली केली, हे दुसऱ्या भागात.

आश्रयाची दुसरी कथा पालघर जिल्ह्यातल्या वेवजी या गावाच्या शेजारची आहे. तलासरी तालुक्यातले हे गाव गुजरातच्या सीमेला लागून आहे, पलीकडे सोळसुंबा आणि जवळच संजाण. १६०० च्या सुमारास रचलेल्या ‘किस्सा-ए-संजान’नुसार इराणहून आलेल्या पारशांना तिथल्या राजाने भाषा, पोशाख आणि शस्त्रे यांबाबत अटी घालून राहू दिले. पारशांनी अटी स्वीकारल्या, पण अग्नी आणि उपासना सोडली नाही. आश्रयाच्या अटी पाळणे आणि स्वधर्म राखणे एकत्र जमू शकते, ही त्या कथेची शिकवण आज एच-फोरवर शिकणाऱ्याच्याही कामाची आहे.

विद्यार्थी की आश्रित ही निवड सगळ्यांनाच नसते. याच डहाणू-तलासरी भागातल्या वारली विद्यार्थ्याला परदेश शिष्यवृत्ती मिळाली, तर ती त्याच्या नावावर आणि त्याच्या अभ्यासक्रमासाठी असते; त्याची वाट विद्यार्थी व्हिसाचीच. ज्याला निवड आहे, त्याने मात्र घटस्फोट किंवा जोडीदाराची नोकरी जाणे यांचाही विचार करावा, कारण लग्न मोडले किंवा मूळ व्हिसा संपला की आश्रिताचाही संपतो.

सर्वांत अवघड स्थिती लहानपणी एच-फोरवर नेलेल्या मुलांची. २१ वर्षे पूर्ण होताच त्यांचे आश्रितपण कायद्याने संपते, आणि शिक्षण चालू ठेवायला बहुतेकांना एफ-वन घ्यावा लागतो. ज्या देशाची त्यांना जेमतेम आठवण आहे, तिथे परतण्याचा हेतू त्यांनी पटवून द्यायचा असतो. त्यांचे जाणे आईवडिलांनी ठरवले होते आणि परतण्याचा संकल्प कायदा त्यांच्या तोंडी घालतो. यातले असत्य मुलांच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.