न मांडलेली मजुरी

व्यापार आणि धर्म यांचे पटत नाही, अशी समजूत आपल्या घराघरांतून पूर्वापार चालत आली आहे. नफा म्हटला की कोणाचे तरी नुकसान झाले असणारच, असे आपण सहज बोलून जातो. आणि आपल्या मुलाने चार पैसे मिळवून आणावेत, अशी इच्छाही त्याच वेळी मनात बाळगतो. गेल्या वर्षी उद्योजकतेच्या एका प्राथमिक वर्गास बसण्याचा योग आम्हांस आला, तेव्हा ह्या जुन्या कोड्याची एक निराळीच बाजू आमच्या ध्यानी आली. ती वाचकांपुढे ठेवावी, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आमचे गाव अणशी. कारवारहून जोयड्याकडे जाणारा रस्ता घाट चढून येथे येतो. भोवतालचे अरण्य १९८७ साली राष्ट्रीय उद्यान झाले. २००७ साली दांडेलीच्या अभयारण्यासह ते व्याघ्र प्रकल्पात आले आणि २०१५ पासून त्यास काळी नदीचे नाव आहे. अशा मुलखात कारखान्याच्या भोंग्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. परसातले झाड आणि शेतातला कंद यांतूनच काय ते उभे करावयाचे. ग्रामीण तरुणांस असे स्वयंरोजगाराचे शिक्षण देण्याचा एक मोठा प्रयत्न आपल्याच कर्नाटकात, १९८२ साली, उजिरे येथे सुरू झाला. धर्मस्थळाचे धर्माधिकारी डॉ. वीरेंद्र हेगडे यांनी कॅनरा बँक व तेव्हाची सिंडिकेट बँक यांच्या साहाय्याने ती संस्था उभारली, आणि तिच्या धर्तीवर पुढे देशभर संस्था निघाल्या. एका देवस्थानाच्या प्रमुखाने धंदा शिकविण्याचे काम हाती घ्यावे, ही गोष्ट आरंभी सांगितलेल्या समजुतीस छेद देणारी आहे.

आमच्या वर्गात पहिला धडा साहसाचा होता. शिक्षकांनी बेळगावचे उदाहरण दिले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तेथे सायकलचे दुकान चालविले व पुढे लोखंडी नांगर घडविले. परंतु लोखंडाने जमीन नासेल ह्या भीतीने शेतकरी ते घेईनात. पहिले नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, ती त्यानंतर. नफा ही जोखमीची मजुरी आहे, हे ह्या कथेवरून आम्हांस नीट उमजले. ती जोखीम लक्ष्मणरावांनी स्वतःच्या शिरावर घेतली होती, हेही उमजले.

दुसरा धडा हिशेबाचा. घरच्या एका जिनसेचा उत्पादनखर्च काढून आणा, असे शिक्षकांनी सांगितले. आम्ही आमसुले निवडली. आमच्या परसात भिरंडाची दोन झाडे आहेत. उन्हाळ्याच्या अखेरीस फळे पिकली की आई ती वेचते, फोडते, बिया वेगळ्या काढते. सालींना मीठ लावते, त्यांच्याच रसात त्या पुनःपुन्हा बुडवून उन्हात वाळविते. बियांचे तेल निघते ते निराळेच. फळे घरची, ऊन देवाचे. तेव्हा मिठाचे पैसे आणि बाजारापर्यंतचे भाडे एवढाच खर्च आम्ही मांडला. नफा भरघोस निघाला. शिक्षकांनी वही पाहिली आणि एवढेच विचारले, ‘‘वाळवण कोणी घातले?’’

त्या रात्री आम्ही आईच्या कामाचे दिवस मोजले आणि शेतमजुरीच्या दराने ते मांडले. नफा तर उरलाच नाही. उलट व्यापारी जो भाव देतो, त्यात तिच्या मजुरीचा अर्धा भागही निघत नव्हता. इतकी वर्षे ज्या रकमेस घरात आमसुलांचा नफा म्हणत होते, ती वास्तविक आईची अपुरी मजुरी होती. आम्ही हे तिला सांगितले, तेव्हा ती हसली व म्हणाली, ‘‘अरे, घरच्या कामाची कसली मजुरी?’’ परंतु दुसऱ्या दिवशी चुलीपाशी बसलेली असता तिने हळूच विचारले, ‘‘काल माझ्या नावावर किती लिहिलेस?’’

तो प्रश्न आमच्या मनातून गेला नाही. कारण आमचा बेत केवळ घरच्या आमसुलांचा नव्हता. शेजारच्या दहा घरांतील माल एकत्र करून कारवारच्या बाजारात नेण्याचे आम्ही योजिले होते. ह्या बेतातील सारा नफा एकाच गोष्टीवर अवलंबून होता, आणि ती ही की, त्या दहा घरांतील बायकांनी आपली मजुरी मोजू नये. आम्हांस नुकतेच मोजता येऊ लागले होते. ही विद्या त्यांना सांगावी, तर आमचा धंदा बसतो; लपवावी, तर तो चालतो. शिवाय वळवाचा पाऊस अवेळी येऊन साली बुरसल्या, तर नुकसान त्यांचे. म्हणजे जोखीम त्यांची आणि जोखमीची मजुरी मात्र आमची.

ह्यावर व्यवहारी मनुष्य म्हणेल, की कोणी कोणावर जबरदस्ती करीत नाही. भाव बाजार ठरवितो. पुरी मजुरी धरून भाव सांगितला, तर मालच खपणार नाही आणि सर्वांच्याच हाती शून्य येईल. हे म्हणणे खोटे नाही. आम्हांस त्याचे पूर्ण उत्तर सापडले आहे, असेही नाही. परंतु बाजारात जी तूट येते, ती वहीत दिसली पाहिजे. न दिसणारी तूट नेहमी एकाच्याच अंगावर पडते. दिसणारी तूट निदान वाटून तरी घेता येते.

कोणी असेही विचारील, की मग सेवा आणि त्याग यांस जागा कोठे राहिली? देवळाच्या उत्सवात पाणी भरणाऱ्याचा, पानावर वाढणाऱ्याचा हिशेब का ठेवावयाचा? येथे सेवा आणि वेठ यांतील भेद पाहावा. दोहोंत हात सारखेच राबतात. परंतु सेवा करणाऱ्यास आपण काय देत आहोत हे ठाऊक असते, आणि नाही म्हणण्याची मोकळीकही असते. तुकाराममहाराजांनी कर्जाचे कागद इंद्रायणीत बुडविले, ही कथा आपण सर्व जाणतो. परंतु परंपरा असे सांगते, की त्यापूर्वी त्यांनी त्या कागदांची वाटणी केली. बंधू कान्होबांचा अर्धा वाटा त्यांच्या हाती दिला आणि केवळ आपला वाटा पाण्यात सोडला. आधी वाटणी, मग त्याग. आणि त्याग तो आपल्याच वाट्याचा. दुसऱ्याचा वाटा न मोजता वापरावयाचा आणि त्यास त्याचा त्याग म्हणावयाचे, ही रीत वाण्याच्या घरच्या त्या संताने पत्करली नाही.

तेव्हा आम्ही असे ठरविले आहे, की येत्या हंगामात त्या दहा घरी तराजूच्या आधी वही न्यावयाची. प्रत्येकीचे दिवस तिच्यासमोर मांडावयाचे, बाजारभाव सांगावयाचा, तूट दाखवावयाची, आणि ती व पावसाची जोखीम कशी वाटून घ्यावयाची हे बसून ठरवावयाचे. कदाचित धंदा लहान राहील. कदाचित पहिल्याच वर्षी मोडेलही. आईने मात्र आपली मजुरी घेण्यास साफ नकार दिला आहे. तो तिचा अधिकार आहे, आणि तिचा आकडा आता वहीत असल्यामुळे, ते तिचे देणे आहे हेही आम्हांस ठाऊक आहे. आपल्या घरातील कोणाचा आकडा अद्याप लिहावयाचा राहिला आहे, हे सुज्ञ वाचकांनी आपापल्या ठिकाणी पाहावे, एवढीच विनंती.